खण्ण की थप्प?

माठ घ्यायचा असला की आमच्या घरातून आजोबांनाच बाजारात पाठवायचे. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटचा उन्हाळा कडक. मार्च लागला की कुंभार रस्त्याच्या कडेला माठांच्या रांगा मांडतात. आजोबा त्या रांगेपुढे उकिडवे बसायचे, एक माठ डाव्या हातावर उचलायचे, कान जवळ न्यायचे आणि बोटाच्या पेराने त्यावर हलकेच ठोकायचे.

खण्ण! ठेवला खाली. दुसरा उचलला. खण्ण! तिसरा. थप्प.

"हा राहू दे," ते म्हणायचे.

"चीर कुठं आहे बाबाजी त्याला?" कुंभार हिरमुसून विचारायचा. मीही माठ फिरवून फिरवून बघायची. चीर काही दिसायची नाही. मग कुंभारच त्यात पाणी ओतायचा आणि थोड्या वेळाने बुडाजवळ केसाएवढी बारीक ओली रेघ उमटायची.

लहानपणी मला वाटायचं, आजोबांच्या बोटात जादू आहे. आता ते नाहीत आणि मी भौतिकशास्त्र शिकून मोठी झाले आहे. तरी माठ बघितला की मला पहिल्यांदा त्यांचा तो तिरका केलेला कान आठवतो. आज तुम्हाला त्या कानाची गोष्ट सांगते.

आजोबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, रेल्वेत कीमन होते. आहे ना मजेशीर शब्द? की म्हणजे चावी. पण ही कुलपाची चावी नव्हे. रूळ ज्या आडव्या पट्ट्यांवर बसवतात त्यांना स्लीपर म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. लोखंडी स्लीपरला रूळ पक्का धरून ठेवायला एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने निमुळती अशी लोखंडी पाचर ठोकतात. तीच ही चावी. गाडी गेली की सगळं थरथरतं आणि थरथरून थरथरून एखादी चावी हळूच बाहेर सरकते. ती शोधायची आणि हातोड्याने परत आत बसवायची, हे कीमनचं काम. शिवाय फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, कुठे गिट्टी सरकली आहे का ते बघायचं, रुळाला तडा आहे का ते तपासायचं. फिशप्लेट म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी, आणि गिट्टी म्हणजे स्लीपरखालची खडी.

एका किलोमीटरमध्ये हजाराहून जास्त स्लीपर असतात. आजोबांच्या वाट्याला आलेला तुकडा होता सुमारे सहा किलोमीटरचा, समनापूरच्या पुढच्या जंगलातला. जाताना एका रुळाच्या कडेने जायचं, येताना दुसऱ्या रुळाच्या कडेने यायचं. सगळं पायी, आणि खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरव्या झेंड्या.

चला, एक हिशेब करू. जाऊन-येऊन रोजचे १२ किलोमीटर. वर्षातले ३०० दिवस धरा. असं ३० वर्षं. किती झाले? एक लाख आठ हजार किलोमीटर! पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारायची तर सुमारे ४० हजार किलोमीटर चालावं लागतं. म्हणजे माझे आजोबा पृथ्वीभोवती अडीच फेऱ्यांहून जास्त चालले, आणि एवढं चालूनही ते रोज संध्याकाळी आमच्याच अंगणात पोचायचे. सदऱ्याच्या खिशात पोरांसाठी काहीतरी असायचंच. चैत्र-वैशाखात टेंभरं, नाहीतर मूठभर चारं, कधी नुसता एखादा सुरेख गुळगुळीत दगड. आई सांगते, ते आले की पाचही भावंडं आधी खिशाकडे धावायची आणि मग पायाकडे, कारण बूट काढायला मदत करणाऱ्याला पहिलं टेंभर मिळायचं.

आता वळू त्या आवाजाकडे. आजोबा रुळालाही माठासारखंच ठोकून बघायचे. आई लहान असताना त्यांनी तिला सांगितलं होतं, "चांगला रूळ खण्ण बोलते, बाई. दुखणाईत रूळ थप्प म्हणते."

असं का होतं? घरातली एक स्टीलची वाटी घ्या. तीन बोटांच्या टोकांवर अलगद तोला आणि चमच्याने वाजवा. छान नाद घुमतो ना? आता तीच वाटी मुठीत घट्ट धरून वाजवा. आवाज बसला! आपण वस्तूला ठोकतो तेव्हा ती कंप पावते, म्हणजे अगदी बारीक, डोळ्यांना दिसणार नाही इतकी थरथरते. तो कंप सगळ्या अंगभर बिनअडथळा फिरला तर नाद टिकतो. मुठीने तो कंप शोषून घेतला म्हणून नाद मेला. चीर असली तरी तसंच होतं. कंप चिरेपाशी पोचतो, तिथे दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि कंपाची ऊर्जा घासण्यातच संपून जाते. सैल चावीचंही तेच. घट्ट बसलेली चावी, रूळ आणि स्लीपर मिळून जणू एकच वस्तू होतात, म्हणून हातोडा मारला की टणत्कार होतो. चावी सैल असली तर ती नुसती खुळखुळते.

म्हणजे माठ, रूळ, वाटी, सगळ्यांचं शास्त्र एकच! मला हे कॉलेजात कळलं तेव्हा मी वसतिगृहातून घरी फोन केला होता. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तू माठ घेशील का एकटी जाऊन?"

पोलादाची आणखी एक गंमत आहे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादातून तो सेकंदाला ५ हजार मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे जवळजवळ पंधरापट वेगाने. शिवाय हवेतल्यासारखा तो चहूकडे विखरून जात नाही, म्हणून गाडी दिसायच्या आधी रूळ बारीक गुणगुणायला लागतो. आजोबांना ती गुणगुण कळायची. पण रुळाला कान लावून बघायचा विचार तुम्ही स्वप्नातही करू नका. रुळावर जाणं जिवावर बेतणारं आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे. त्याऐवजी घरातल्या लाकडी टेबलाला कान लावा आणि मित्राला दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडायला सांगा. कान उचलला की जे ऐकू येत नाही, ते कान टेकला की लख्ख ऐकू येतं.

आजोबांची गाडी होती मात्र छोटुकली. आज बालाघाटला जी गाडी येते ती ब्रॉडगेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर, साडेपाच फुटांचं अंतर. त्यांची होती नॅरोगेज. दोन रुळांमध्ये फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट! तुमच्या वर्गातलं बाक आडवं टाकलं तर दोन्ही बाजूंनी बाहेर येईल. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग बांधला. गोंदियाहून निघायचा, बालाघाट, नैनपूर करत सातपुडा चढून जबलपूरला जायचा. आजोबा नोकरीत होते तेव्हा त्या कंपनीचं नावही उरलं नव्हतं, रेल्वे सरकारी झाली होती, तरी जुनी माणसं 'बीएनआर'च म्हणायची. डोंगरात अरुंद रूळ का घातले? अरुंद मार्गाला जागा कमी लागते, डोंगर कमी फोडावा लागतो आणि गाडीला अगदी तीव्र वळणंही घेता येतात. खर्च वाचतो. स्लीपरचं लाकूड तर दाराशीच होतं. बैहरच्या बाजूला सालाची घनदाट जंगलं आहेत, आणि साल म्हणजे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस झेलणारं टणक लाकूड.

वळणावरून आठवलं. सांगा बघू, रेल्वेच्या इंजिनाला स्टीअरिंग असतं का? नसतं! मग गाडी वळते कशी? माझ्या आईने हाच प्रश्न विचारला तेव्हा आजोबांनी आजीच्या मांडणीतले दोन पेले उचलले, तेच वर रुंद आणि खाली निमुळते असतात ते. दोघांची तोंडं एकमेकांना लावून फडक्याने बांधली. मग दोन काठ्या शेजारी शेजारी, थोड्या उतरत्या ठेवल्या आणि पेले त्यावरून सोडले. पेले डगमगले, जरा डावीकडे गेले, जरा उजवीकडे, पण पडले नाहीत. आपोआप मध्ये येत राहिले. रेल्वेची चाकंही अशीच किंचित निमुळती असतात, आतल्या बाजूला मोठी आणि बाहेरच्या बाजूला लहान. वळणावर बाहेरचा रूळ लांब पडतो. गाडी बाहेरच्या बाजूला थोडी सरकली की बाहेरचं चाक आपल्या मोठ्या भागावर धावतं आणि आतलं चाक लहान भागावर. एकाच फेरीत एक चाक जास्त अंतर कापतं, दुसरं कमी, आणि जोडी वळते. तुम्ही दोन कागदी कप चिकटपट्टीने जोडून करून बघा. आजीचे पेले तेवढे वाचवा. त्या दिवशी एकाला पोचा पडला होता आणि आजी तो पोचा पाहुण्यांना दाखवून सांगायची, "हे आमच्या ह्यांचं इंजिन."

आईची गोष्ट निघालीच आहे तर सगळीच सांगते, कारण आजोबांबद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. पण पाचही मुलांनी शिकायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्यात मुली आधी. आई मोठी. तिला विज्ञानाला घातलं, गोंदियाच्या धोटे बंधू सायन्स कॉलेजात. सकाळच्या छोट्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. रात्री ती कंदिलाशी अभ्यासाला बसली की आजोबा शेजारी येऊन बसायचे. दिवसभर १२ किलोमीटर चाललेले पाय लांब करून नुसते बसायचे. ती वाचते आहे ना, मग आपण झोपायचं कसं?

एका रात्री ती उष्णतेने होणारं प्रसरण वाचत होती. तापवलं की धातू फुगतो, लांब होतो. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला तर सुमारे १२ माइक्रोमीटरने वाढतो. एक माइक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आईने मोठ्याने गणित केलं. १२ मीटरचा रूळ घ्या. माघातल्या पहाटे तो १० अंशांवर असेल, आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात हवेहूनही जास्त तापून ६० अंशांवर जाईल. फरक ५० अंशांचा. १२ गुणिले १२ गुणिले ५०. म्हणजे ७२०० माइक्रोमीटर. सात मिलिमीटरांहून थोडं जास्त!

आजोबा उठले. कोनाड्यातली आगपेटी आणली आणि चार काड्या काढून एकीला एक चिकटवून पुस्तकावर ठेवल्या.

"एवढं का?"

आईने पट्टी लावली. चार काड्या, आठ मिलिमीटरला जराशा कमी.

आजोबांना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. दोन रुळांच्या टोकांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. थंडीच्या सकाळी त्या फटीत ते काड्या घालून बघायचे, तीन-चार सहज मावायच्या. वैशाखातल्या दुपारी एकही जायची नाही. पहाटेच्या फटीवरून ते दुपारचा अंदाज बांधायचे. फट आधीच मिटली असेल तर दुपारी रुळाला पसरायला जागा उरणार नाही, मग तो सापासारखा वाकडा होईल आणि गाडी घसरेल. गाडीत बसल्यावर खट-खट, खट-खट असा जो ताल ऐकू यायचा ना, तो चाकं या फटींवरून जाण्याचा.

मग आईने आणखी एक गणित केलं. बालाघाट ते गोंदिया सुमारे ४० किलोमीटर. सगळे रूळ मिळून माघातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत किती वाढतील? थंडी आणि उन्हाळ्यातला तोच ५० अंशांचा फरक धरला तर २४ मीटर! क्रिकेटचं पिच सुमारे २० मीटरांचं असतं, त्याहून जवळजवळ चार मीटर जास्त! आजोबा बराच वेळ गप्प होते. त्यांच्या चार काड्यांमध्ये एवढं मोठं पिच लपलेलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे गँगमधल्या, म्हणजे रुळांवर काम करणाऱ्या टोळीतल्या, सगळ्यांना सांगितलं आणि घरी येऊन म्हणाले, "कोणी मानूनच नाही राहिलं. तू कागदावर लिहून दे, बाई." तो कागद पुढे कितीतरी दिवस त्यांच्या डब्याच्या पिशवीत होता.

डब्यात बहुतेक भात असायचा. आमचा जिल्हा धानाचा, आणि सणासुदीला आजी चिन्नोरचा भात करायची. या तांदळाचा वास इतका गोड की डबा उघडला की आजूबाजूच्यांना कळतं! २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकनही मिळालं. असा चिन्नोरचा डबा एकदा न उघडताच परत आला. पोळ्याचे दिवस होते, रात्रभर पाऊस झोडपत होता. आजी डबा हातात घेऊन बघतच राहिली. आजोबा न जेवता परत आले असं कधी झालं नव्हतं. त्यांनी सांगितलं काही नाही. चार दिवसांनी गँगच्या मेटकडून, म्हणजे मुकादमाकडून, आजीला कळलं.

झालं होतं असं. पहाटे एका मोरीजवळ, म्हणजे पाणी जायच्या छोट्या पुलाजवळ, त्यांनी रूळ ठोकला आणि आवाज नेहमीसारखा आला नाही. वाकून बघतात तर स्लीपरखालची गिट्टी पाण्याने वाहून गेलेली. रूळ नुसता हवेत लोंबत होता. आणि नैनपूरकडून गाडी यायची वेळ झालेली. त्यांनी तिथे लाल झेंडी रोवली आणि गाडी येणार त्या दिशेला पळत सुटले. कीमनच्या पिशवीत फटाके असतात. दिवाळीचे नव्हेत! चपट्या डबीसारखे असतात, पट्टीने रुळाला बांधायचे. चाक वरून गेलं की मोठा धडाका होतो, आणि तो ऐकला की चालकाने गाडी थांबवायची. नॅरोगेजचा नियम होता की जाता जाता एक फटाका ४०० मीटरवर लावायचा आणि पुढे ८०० मीटरवर आणखी तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने.

इतक्या लांब कशाला? रेल्वेचं चाक पोलादी, रूळही पोलादी. दोन्ही कडक आणि गुळगुळीत. चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी असते! म्हणून घर्षण कमी, आणि म्हणूनच एक इंजिन एवढे डबे ओढू शकतं. पण ब्रेक लावल्यावर हीच गोष्ट उलटते. पकड कमी, वजन प्रचंड, गाडी घसरत घसरत लांब जाऊन थांबते. सायकल जशी कचकन थांबते तशी रेल्वे थांबूच शकत नाही. पावसात ओल्या रुळांवर तर नाहीच.

गाडी थांबली. मग आजोबा परत पळाले, मोरी ओलांडून बालाघाटच्या बाजूलाही फटाके लावायला, कारण एकेरी मार्गावर गाडी दोन्हीकडून येऊ शकते. डबा खायला सवड मिळाली नाही ती अशी. आजीने त्या रात्री परत चिन्नोर रांधला. सण नव्हता तरी.

२००५-०६ च्या सुमारास गोंदिया-बालाघाट मार्ग ब्रॉडगेज झाला. जबलपूरकडचा नॅरोगेज २०१५ मध्ये पावसाळा संपता संपता बंद पडला, आणि समनापूर ते लामटाच्या जंगलातलं शेवटचं काम उरकून मोठी गाडी थेट धावायला लागली ती २०२१ च्या आसपास. ती आजोबांनी बघितली नाही. नॅरोगेजची जुनी इंजिनं बघायची असतील तर नागपूरला मोतीबागेत जा, तिथे २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे.

पण गोंदियाच्या मोठ्या गाडीत आजोबा बसले होते, आणि शेजारी मी होते. तेव्हा मी पाचवीत. गाडी सुटली. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या मागे पळायला लागल्या. आजोबा मात्र अस्वस्थ. सारखे खाली बघत होते.

"चालून राहिली का गाडी?" त्यांनी मला विचारलं.

"चालतेय ना आजोबा! बघा झाडं!"

"मग बोलून का नाही राहिली?"

खट-खट नव्हतं! नव्या मार्गावर रूळ एकमेकांना वितळवून जोडतात, वेल्डिंग करून लांबच लांब सलग रूळ करतात. फटी नाहीत, म्हणून ताल नाही. मग ते उन्हात पसरतात कुठे? पसरतच नाहीत! पसरायला बघतात, पण जड सिमेंटचे स्लीपर, पोलादी क्लिपा आणि भरपूर गिट्टी मिळून त्यांना जागच्या जागी आवळून धरतात. सगळा जोर रुळाच्या आतच कोंडून राहतो, फक्त टोकांपाशी थोडी हालचाल होते. म्हणून तर आजही कडक उन्हात ट्रॅकमन रुळांवर नजर ठेवत पायी फिरतात. कोंडलेला जोर कुठे बाहेर पडला तर रूळ वाकेल.

हे आईने आजोबांना आदल्या रात्रीच समजावलं होतं. त्यांना पटलंही होतं. तरी त्यांची बोटं गुडघ्यावर हळूहळू वाजत होती. टक-टक. टक-टक. नसलेल्या फटी ते स्वतःच मोजत होते.

गोंदिया जवळ आलं. गाडीचा वेग कमी झाला. स्टेशनाआधी रुळांचं जाळं पसरलेलं असतं, एक रूळ दुसऱ्याला ओलांडून जातो. जिथे ओलांडतो तिथे चाकाला जागा सोडावी लागते, म्हणून तिथे छोटी फट असतेच. प्रत्येक चाक त्या फटीवरून आदळत जातं. साधं पोलाद तिथे लवकर झिजेल, म्हणून या जागी खास पोलाद वापरतात, ज्यात शंभरात बारा-चौदा भाग मँगनीज असतं. रॉबर्ट हॅडफील्ड नावाच्या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने ते १८८२ मध्ये शोधलं. त्याचा गुण अजब आहे. जितकं ठोकाल तितकं त्याचं अंग जास्त कडक होत जातं! आणि मँगनीजच्या मोठमोठ्या खाणी कुठे आहेत? आमच्या बालाघाटला लागूनच, भरवेलीला.

डबा त्या फटीवर पोचला.

खट-खट!

आजोबांची बोटं थांबली. त्यांनी कान तिरका केला, अगदी माठापुढे करायचे तसा. पुढची चाकं आली. खट-खट! ते माझ्याकडे बघून हसले, तोंडात दोनच दात उरले होते तेवढे दाखवत.

"आयकलं का, पोरी? आपल्या भरवेलीचं लोखंड. खण्ण बोलून राहिलं."